अधांतरी राहण्याचा खर्च

वाशीम जिल्ह्यातलं शिरपूर जैन ओळखलं जातं ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. काळ्या पाषाणाची ती मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अशी श्रद्धा आहे. एके काळी तिच्याखालून घोडेस्वार निघून जाई, असं दंतकथा सांगते. आता जेमतेम कापड सरकेल एवढंच अंतर उरलंय म्हणतात. कित्येक शतकं एक शिळा अधांतरी, आणि खर्च शून्य!

माणसाच्या यंत्रांना ही सवलत नाही. विजेवर उडणारी हवाई टॅक्सी घडवणारे इंजिनिअर गेली काही वर्षं याच खर्चाशी झुंजत आहेत.

हा खर्च पाहायचा असेल, तर मंदिरातून बाहेर पडून सोयाबीनच्या शेताकडे चला. वर पांढुरकी कापशी घार दिसेल. खाली उंदराची चाहूल लागली की ती हवेत एका जागी थबकते आणि जिवाच्या आकांताने पंख मारू लागते. काही क्षणांनी पंख पसरून अलगद पुढे निघते. जमिनीवर थांबणं म्हणजे विसावा. हवेत मात्र थांबण्यातच खरी दमछाक!

असं का? वर राहायचं तर हवा सतत खाली ढकलावी लागते. पुष्कळ हवा हळूच ढकलली तर काम स्वस्तात होतं. थोडीच हवा जोराने ढकलली तर महागात पडतं. जागच्या जागी थांबलेल्या यंत्राच्या वाट्याला तेवढीच हवा येते. पुढे धावणाऱ्या पंखाला मात्र क्षणोक्षणी ताजी हवा भेटते, आणि तिला जराशी खाली वळवली तरी भागतं.

म्हणूनच अमेरिकेतल्या जोबी कंपनीच्या विमानाचे सहा पंखे उड्डाणाच्या वेळी आभाळाकडे तोंड करून फिरतात. थोडी उंची गाठली की ते पुढे झुकतात आणि भार पंखांवर येतो. एक वैमानिक, चार प्रवासी आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे 160 किलोमीटर, असा कंपनीचा हिशेब आहे. चीनच्या ईहँगच्या दोन आसनी, वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्राला 2023 मध्ये तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र मिळालं. त्याला सोळा पंखे आहेत, पण विमानासारखे पंख नाहीत. पल्ला? जेमतेम 30 किलोमीटर.

एवढी काटकसर कशासाठी? बॅटरीसाठी. एक किलो विमान-इंधनात सुमारे 12,000 वॅट-तास ऊर्जा असते. एक किलो चांगल्या बॅटरीत साधारण 250. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होतं. रिकामी बॅटरी मात्र भरलेलीइतकीच जड राहते.

मग विजेचा हट्ट का? कारण विजेची मोटर लहान केली तरी तिची कार्यक्षमता फारशी घटत नाही. हेलिकॉप्टरच्या एका अवाढव्य पंख्याऐवजी सहा-आठ छोटे पंखे लावता येतात. त्यांची टोकं कमी वेगाने फिरतात, म्हणून कलकलाट कमी. एखादा बंद पडला तर बाकीचे सांभाळून घेतात.

वाट सोपी नाही. जर्मनीच्या व्होलोकॉप्टरला 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी न्यायचे होते. ते जमलं नाही, आणि त्याच वर्षअखेर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तरी नवे खेळाडू येतच आहेत. बंगळुरूची सरला एव्हिएशन ही त्यातलीच. 1936 मध्ये साडी नेसून विमान उडवणाऱ्या सरला ठकराल यांचं नाव तिने घेतलं आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात कंपनीने आपली हवाई टॅक्सी मांडली. तिचं नाव ‘शून्य’.

शिरपूरच्या दंतकथेत अधांतरी राहण्याचा खर्चही तेवढाच आहे. ‘शून्य’ला मात्र कापशीचाच धडा गिरवावा लागेल: थांबायचं क्षणभर, आणि मग पंख पसरून निघायचं.