आरोग्य खर्च आणि राष्ट्रीय उत्पन्न

आरोग्य खर्च म्हणजे एखाद्या देशात उपचार, औषधे, रोगप्रतिबंध व आरोग्य प्रशासन यांवर वर्षभरात होणारा एकूण खर्च होय. त्यात शासन, विमा संस्था आणि कुटुंबे यांचा वाटा मोजला जातो. २०२१-२२ मध्ये भारताचा आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.८ टक्के, म्हणजे दरडोई सुमारे ६,६०० रुपये होता; अमेरिकेत हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होते.

तफावतीची कारणे

उत्पन्न वाढते तसा अन्न व निवारा यांवरील खर्चाचा हिस्सा घटतो आणि आरोग्यासाठी अधिक रक्कम उरते. श्रीमंत देशांत वृद्धांचे प्रमाण जास्त असल्याने दीर्घकालीन आजारांचा खर्चही वाढतो. डॉक्टर व परिचारिका यांचे वेतन त्या देशाच्या वेतनमानानुसार ठरत असल्यामुळे तीच सेवा तेथे महाग पडते. म्हणून दुप्पट खर्च म्हणजे दुप्पट सेवा असे नसते.

निधी उभारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. नियमित पगारातून कर किंवा विम्याचा हप्ता कापता येतो. असंघटित रोजगार अधिक असलेल्या देशांत ते कठीण असल्याने उपचाराच्या वेळी रुग्णालाच पैसे मोजावे लागतात.

रायगड किनारपट्टी

महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आदी किनारी तालुक्यांत मासेमारी, भातशेती व नारळ-सुपारीच्या बागा ही उपजीविकेची साधने आहेत. जून-जुलैमधील मासेमारी बंदीत मच्छीमारांची मिळकत थांबते. आजारपण मात्र थांबत नाही. अलिबाग येथे जिल्हा रुग्णालय आहे, तरी काही विशेष उपचारांसाठी मुंबई गाठावी लागते. अशा वेळी सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी आरोग्य खर्चाच्या हिशेबात येत नाही.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. पात्र कुटुंबाचा हप्ता शासन भरत असे व वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या निवडक उपचारांना संरक्षण मिळे. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले. मात्र तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असल्याने नेहमीच्या तपासण्या व औषधांचा भार बहुतांशी कुटुंबांवरच राहतो.

सद्यःस्थिती

भारताच्या एकूण आरोग्य खर्चातील कुटुंबांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी शासकीय खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे २०२५ पर्यंतचे उद्दिष्ट २.५ टक्के होते.