खाडी नाही, तरी चिखल आहे

किनारी पक्ष्यांचे फोटो काढायला अहमदपूरकरांनी ठाण्याची खाडीच गाठायला हवी असं नाही. खाडीत ओहोटी दिवसातून दोनदा येते. मन्याड नदीवरच्या लिंबोटीसारख्या धरणात मात्र हिवाळ्यापासून पाणी हळूहळू ओसरतं, काठचा चिखल उघडा पडतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, तुतवार, कंठेरी चिखल्या अशाच काठांवर किडे टिपतात. सकाळी सूर्य पाठीशी घ्या, कॅमेरा जमिनीलगत आणा. उभ्यानं काढलेल्या फोटोत निम्मा जीव निघून जातो. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद. बगळ्यासाठी एक्स्पोजर थोडं उतरवा, नाहीतर पांढऱ्या पिसांचा पोत पुसला जातो. मार्चपासून टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती ओरडत घिरट्या घालू लागली, की फोटो सोडा आणि आल्या पावली मागे फिरा.