ओपन, क्लोज आणि पहिला सेट

मटक्यातले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द कापसातून आले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवसाचा पहिला आणि शेवटचा भाव काय निघेल, यावर मुंबईत आकडा लागायचा. भाव टेलिप्रिंटरवरून येत. 1961 मध्ये ते येणे थांबले. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आकडे इथेच काढायला सुरुवात केली. कापूस गेला, शब्द राहिले. आमच्या यवतमाळात पानटपरीवर ते लहानपणापासून ऐकले. मूळ कळले ते पन्नाशीत.

या विषयाकडे मी वळलो पुतण्यामुळे. भावाच्या कापसाच्या चुकाऱ्यातले काही हजार त्याने 2024 च्या उन्हाळ्यात मोबाइलवर, टेनिसच्या एकेका सेटवर घालवले. “काका, हा जुगार नाही, ट्रेडिंग आहे.” म्हणून मी हिशेब मांडून पाहिला.

सौदा असा: ‘पहिला सेट अमुक खेळाडू जिंकेल’, होय 6 रुपये, नाही 4 रुपये. बरोबर ठरणाऱ्याला 10, चुकणाऱ्याला शून्य. म्हणजे 6 हा भाव नसून बाजाराचे मत आहे: शक्यता शंभरात साठ. प्रत्येक सेटला हीच शक्यता धरली, तर तीन सेटांचा सामना तो खेळाडू जिंकण्याची शक्यता 65 टक्क्यांच्या आसपास येते आणि पाच सेटांचा 68. सामना जितका लांब, तितकी सरस खेळाडूची बाजू भक्कम. एकट्या सेटमध्ये नशिबाचा वाटा अधिक, आणि सौदाही तासाभरात निकालात निघतो. पुन्हा लावायला माणूस मोकळा.

लबाडीलाही सेटच सोयीचा. सामना जिंकूनही एक सेट सोडता येतो. टेनिसमधल्या अशा गैरप्रकारांवर नजर ठेवायला 2021 पासून स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था आहे. दुसरी गोष्ट वेळेची. पंच गुण नोंदवतो, मग तो आकडा निघतो, चित्र आपल्या पडद्यावर त्यानंतर काही सेकंदांनी पोचते. मैदानात बसून गुण आधी कळवणाऱ्या एका माणसाला 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अटक झाली होती. खटला पुढे मागे घेतला गेला. पुतण्या भाव बघून घेत होता तेव्हा त्याच्या समोरच्याला पुढचा गुण कदाचित कळून चुकला होता.

1872 च्या करार कायद्याचे कलम 30 पैजेचा करार रद्दबातल मानते. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. वायदेबाजार मात्र कायदेशीर आहे, आणि ते मला योग्य वाटते: जिनिंगवाल्याच्या गोदामात गाठी असतात, भाव पडण्याची भीती खरी असते, ती तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. सेटच्या सौद्यात भीती आधी नसतेच. पैसे लावल्यावर ती जन्माला येते.

हे ऐकून पुतण्या म्हणाला, “मग बाबांनी भाव वाढेल म्हणून संक्रांतीपर्यंत कापूस घरात ठेवला, ते काय होतं?”

विकला असता तर जोखीम संपली असती, ठेवल्याने ती लांबली, हे मी कबूल केले. पण ती आली होती जूनमध्ये, पेरणीबरोबर. त्याला हे पटले असे वाटत नाही.