अंगणातील निकाह : जुन्या वस्तूंना उजाळा, कारागिरांना रोजी

मंडणगड तालुक्यात एप्रिल-मे हे लग्नसराईचे दिवस. मुंबईचे चाकरमानी आणि आखातात नोकरीला असलेले बांधव रजेवर गावी येतात आणि म्हाप्रळपासून बाणकोटपर्यंत सावित्रीच्या खाडीकाठी अंगणात मांडव पडतात. शहरातील हॉलची हौस वाढत असली तरी अंगणातील लग्नाचा पैसा बराचसा गावातच फिरतो. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ही गोष्ट नजरेआड करू नये.

अशा लग्नाची खरी शोभा घरच्या जुन्या वस्तूंत असते. माळ्यावरची तांब्याची देग, पेटीतला जरीचा शालू, आजीचा हार. या वस्तू विकत आणाव्या लागत नाहीत. पण वापरण्याजोग्या करून घ्याव्या लागतात. कारागिराचा धंदा इथेच आहे.

देगीचेच पाहा. कलई उडालेल्या तांब्यात दही, चिंच, टोमॅटो यांचा पदार्थ कळकतो आणि शेकडो पाहुण्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. कलईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो आणि कथील कापसाने फिरवतो. कथील २३२ अंशांवर वितळते, म्हणून साध्या भात्यावरही हे काम होते. कथिलाचा आणि मजुरीचा दर आधी सांगितला तर भांडण उरत नाही.

शालूची गोष्ट वेगळी. खरी जरी म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. जुनी जरी घेणारे ती चांदीसाठीच घेतात. कापड विरले तरी काठ-पदर शाबूत असतो. तो सोडवून नव्या ओढणीला किंवा कुर्त्याला लावून देणाऱ्या शिंप्याला आणि घरबसल्या शिवणाऱ्या भगिनींना यात चांगले काम आहे.

दागिन्यांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातील हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी क्रमांक सक्तीचा झाला. आजीच्या हारावर तो असणार नाही. म्हणून दुरुस्तीला देताना समोर वजन करावे, खड्यांचे वजन वेगळे धरावे आणि पावती घ्यावी. सराफानेही ती न मागता द्यावी. त्यातच त्याची पत आहे. घरातही स्पष्टता हवी. मेहेर ही वधूच्या मालकीची. पण सासूने घातलेला हार भेट की फक्त वापरायला, हे निकाहापूर्वीच लिहून ठेवावे. न लिहिल्याने घरे तुटतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी, सोनार, सुतार, हार गुंफणारे आणि टोपल्या-चटया विणणारे आहेत; कलईवाला मात्र नाही. योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. कर्ज ५ टक्के व्याजाचे आहे. पण ते घेतलेच पाहिजे असे नाही. व्याज टाळू पाहणाऱ्या बांधवांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

कलईवाला, शिंपी, फुलवाला आणि मांडववाला यांनी लग्नसराईपूर्वी एकत्र बसून आपापल्या दरांचे एक पत्रक काढले, तर रजेवर आलेल्या यजमानाला दारोदार फिरावे लागणार नाही. वेळेवर काम आणि चोख हिशेब एवढे सांभाळले, तर पुढचे लग्नही आपल्याच हाती येईल.