गाडीतल्या स्पीकरची खरखर कशी शोधायची

गाणं सुरू असताना स्पीकर खरखरायला लागला की बरेच जण थेट दुकान गाठतात आणि नवी जोडी बसवून घेतात. पुष्कळदा नव्या स्पीकरमधूनही तीच खरखर येते, कारण दोष वायरिंगमध्ये असतो. म्हणून आधी काही खोलू नका, नीट ऐका.

इंजिन बंद ठेवून गाणं लावा. आवाज स्वच्छ असेल तर गाडी स्टार्ट करून ॲक्सिलरेटर हलकासा दाबा. इंजिनाबरोबर शिट्टीसारखा सूर चढत गेला, तर तो ऑल्टरनेटरचा. ऑल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो, त्यातले डायोड त्याचा डीसी करतात; पण त्या डीसीवर बारीक लहर उरतेच. एरवी ती ऐकू येत नाही. ती स्पीकरपर्यंत पोचली तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा.

वेगळा ॲम्प बसवलेल्या गाड्यांत हा दोष फार आढळतो. ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला बोल्टने कसलेली असते. त्या बोल्टखाली रंग किंवा गंज असेल तर तिथे थोडा रेझिस्टन्स तयार होतो. तो किती महागात पडतो ते पाहा: ॲम्प 20 अँपिअर ओढत असेल आणि जोडात फक्त 0.05 ओहम अडथळा असेल, तरी तिथे पूर्ण 1 व्होल्ट पडतो. स्टिरिओकडून ॲम्पला येणारा आवाजाचा सिग्नलच मुळी दोन-चार व्होल्टचा. आता ॲम्पचा शून्य आणि स्टिरिओचा शून्य एक राहत नाही. त्यांच्यातल्या फरकामुळे स्टिरिओ आणि ॲम्प जोडणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून करंट वाहतो आणि गाण्यात मिसळतो.

उपाय साधा आहे, पण मन लावून करायला हवा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. अर्थचा बोल्ट सोडवा, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करा, रिंग टर्मिनल थेट त्या पत्र्यावर बसवून घट्ट कसा आणि मग वरून ग्रीस लावा, म्हणजे पावसाळ्यात पुन्हा गंज धरणार नाही. ही वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको आणि पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ कधीही जोडू नका. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

शिट्टी तरीही राहिली तर ॲम्प बंद करून त्यातून आरसीए केबल काढा आणि ॲम्प पुन्हा सुरू करा. आवाज गेला तर दोष केबलमध्ये किंवा स्टिरिओच्या बाजूला आहे. राहिला तर ॲम्प आणि त्याच्या सप्लायमध्ये. आरसीए केबल पॉवर केबलला चिकटून नेलेली असेल तर एक डाव्या बाजूने, एक उजव्या बाजूने न्या. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणं ऐकतानाच गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून बघा. खरखर फक्त एफएमवर असेल तर अँटेना, डॅशकॅम आणि स्वस्तातले चार्जर तपासा.

इंजिनाशी संबंध नसलेली, खड्ड्यात किंवा दार उघडताना तुटक येणारी खरखर वेगळी. बॅलन्स आणि फेडर फिरवून आधी नेमका स्पीकर शोधा. मग दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर बघा. दाराच्या रोजच्या उघडझापीने ती आतल्या आत तुटते आणि तारा हिरव्या पडतात. कपलरमध्ये ओल शिरली असेल तर तो साफ करून कोरडा करा. वायर ठीक असेल तर स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवून त्याला पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. चांगला स्पीकर ‘टप्’ असा मोकळा आवाज देतो. कोनवर चारी बोटं सारखी ठेवून हळूच दाबा. आत घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल गेली. स्पीकर बदलायचा तो आता.

अर्थिंग, केबल सगळं ठीक असूनही शिट्टी जात नसेल, तर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर डायोड खराब झाल्याची शक्यता मोठी. अशा वेळी दुकानदार नॉइज फिल्टर सुचवतील, पण त्याने फक्त आवाज दबेल आणि बॅटरीचं चार्जिंग कमकुवतच राहील. ऑल्टरनेटर खोलून डायोड तपासून घ्यावेत.