श्वास मोजणारा कॅमेरा

तान्ह्या बाळाला खोकला झाला की आई आधी कपाळाला हात लावून ताप पाहते. खरे तर तिने अंगावरचे झबले वर करून बाळाचा श्वास मोजायला हवा. न्यूमोनियाची चाहूल बहुधा तिथेच लागते. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० किंवा अधिक आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धाप, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे.

मोजणे सोपे वाटते. प्रत्यक्ष करून पाहावे! मूल हलते, रडते. स्टेथोस्कोप टेकवला की श्वासच बदलतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधे यंत्र केले. निरक्षर दाईने दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा.

हेच काम आता कॅमेऱ्याकडून करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. चित्रफीत म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस स्थिर चित्रे. श्वासाबरोबर छाती किंचित हलते, तसा चित्रातील ठिपक्यांचा उजेडही बदलतो. ठरावीक लयीत होणारे हे बदल संगणक वेचून काढतो. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ते अनेक पटींनी मोठे करून दाखवले, तेव्हा निश्चल वाटणाऱ्या बाळाची छाती पडद्यावर स्पष्ट हलताना दिसली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी नाजूक, की चिकटपट्टी काढताना सोलवटते. तिथे अंगाला न लागणाऱ्या साधनाचे मोल मोठे.

पण कॅमेरा फसतोही. मूल चुळबुळले, अंगावर जाड दुपटे असले की आकडा चुकतो. त्याहून गंभीर म्हणजे, घशात अडथळा आला तरी छाती काही काळ हलत राहते. कॅमेऱ्याला छाती दिसते, आत न जाणारी हवा दिसत नाही!

तेव्हा घरी सेकंदकाट्याचे घड्याळच घ्यावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्यांचा श्वास एकसारखा नसतो. आकडा जास्त आला तर पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तोच आला तर डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध घेत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत न बसता रात्र असली तरी दवाखाना गाठावा.