आकडे सरकविण्याची रीत

कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावतात. निरनिराळ्या खोऱ्यांतून वाट काढीत त्या कराडला एकमेकींस भेटतात व ते सारे पाणी पुढे सांगलीकडे जाते. पावसाळ्यात सांगलीकरांची दृष्टी खिळलेली असते ती आयर्विन पुलाजवळील पातळीवर. तेथे पाणी ४० फुटांवर आले की इशारा, ४५ फुटांवर आले की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले होते!

पाणी किती आहे, याइतकेच ते किती वेगाने चढत आहे हेही कळावे लागते. म्हणून मागील काही आकडे हाताशी हवेत. समजा, हे काम आपण संगणकाकडे सोपविले. त्यासाठी पाच घरांची एक रांग करू. अशा रांगेस 'अ‍ॅरे' म्हणतात. घरांना क्रमांक ० ते ४ देऊ. पहिल्या घरास शून्य का, असे तुम्ही विचाराल. आरंभापासून किती घरे ओलांडावयाची, हे तो क्रमांक सांगतो. पहिल्या घरासाठी एकही ओलांडावे लागत नाही.

मानू या, घरांत क्रमाने ३८, ३९, ४०, ४१, ४३ हे आकडे आहेत आणि ४४ हा नवा आकडा आला. आता सर्वांत जुना ३८ काढून टाकावयाचा, उरलेले एकेक घर डावीकडे सरकवावयाचे आणि शेवटी ४४ लिहावयाचा.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाकावरील मुले सरकतात तसे आकडे सरकत नाहीत. संगणक एका घरातील आकड्याची नक्कल दुसऱ्या घरात लिहितो. मूळचा आकडा जागच्या जागी राहतो. जेथे नक्कल लिहिली तेथला जुना आकडा मात्र पुसला जातो.

म्हणून आरंभ डावीकडून करावा. १ मधील आकडा ० मध्ये, २ मधील १ मध्ये, ३ मधील २ मध्ये, ४ मधील ३ मध्ये. मग ४ मध्ये नवा आकडा. रांग होते ३९, ४०, ४१, ४३, ४४.

आता हेच उजवीकडून करून पाहा. प्रथम ४ मधील ४३ हा ३ मध्ये गेला. तेथला ४१ पुसला गेला. मग ३ मधील ४३ च २ मध्ये गेला. असे करीत अखेरीस रांग होते ४३, ४३, ४३, ४३, ४४. संगणक काही तक्रार करीत नाही. पाहणाऱ्यास वाटेल, नदी बराच वेळ स्थिर होती आणि आता कोठे फूटभर चढली. वस्तुतः ती पाच फूट चढलेली आहे!

उजवीकडे सरकविताना मात्र हा क्रम उलटा होतो. सातारा, रहिमतपूर, कराड, सांगली अशी स्थानके लिहिली आहेत, पाचवे घर रिकामे आहे आणि कोरेगाव राहून गेले आहे. ते साताऱ्यानंतर हवे. तेव्हा प्रथम सांगली रिकाम्या घरात न्यावी, मग कराड, मग रहिमतपूर. त्यानंतर १ या घरात कोरेगाव लिहावे. रहिमतपुरापासून आरंभ केलात, तर कराड आणि सांगली दोन्ही पुसली जातील आणि गाडी रहिमतपुरासच थांबेल.